खऱ्याची वही

त्या वर्षी पाटाला पाणी कमी होतं आणि सातवीच्या पुस्तकात पावसाच्या कविता दोन होत्या. पुस्तक छापणाऱ्यांचा यात काही दोष नव्हता. त्यांनी ते आदल्या वर्षी छापलं होतं.

गुरुजी भाषा शिकवायचे. अठरा वर्षं एकाच शाळेत, एकाच खोलीत, खिडकीच्या एकाच तुटक्या कडीसकट. गणिताच्या मास्तरांना गाव वचकून असे, विज्ञानाच्या बाईंकडे काचेच्या नळ्या होत्या म्हणून त्यांना मान होता. भाषेचं तसं नव्हतं. "बोलता तर आम्हालाही येतं की," असं लोक म्हणत आणि ते सिद्ध करायला बराच वेळ बोलत.

"कवी पावसात का नाचतोय?" गुरुजींनी विचारलं.

मागच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. त्याला सगळे 'वकील' म्हणत, कारण तो उत्तर देण्याआधी खटला उभा करी. "गुरुजी, कवीला शेत होतं का?"

"का रे?"

"असतं तर आधी बांध फुटला का ते बघायला गेला असता. नाच मागाहून."

वर्ग हसला. गुरुजीही हसले, आणि मनातल्या मनात त्यांनी हे वाक्य जपून ठेवलं. अशी दोनतीन वाक्यं आठवड्याला मिळाली की त्यांचा आठवडा वसूल व्हायचा. हेडमास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. ते दारातून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "उत्तर असं आहे की कवीला निसर्गाची अनिवार ओढ आहे. गाईडात पान चाळीस." आणि निघून गेले. एकतीस पोरांनी ते उतरवून घेतलं. ओढ शब्द कुणीही पूर्वी वापरला नव्हता; अनिवार तर कुणाला जिभेवरही पेलत नव्हता. पण परीक्षेत त्याला गुण होते.

याच गोष्टीवर उतारा म्हणून गुरुजींनी आठ वर्षांपूर्वी ती वही काढली होती. प्रत्येक पोराची एक, पातळशी, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. कव्हरावर गुरुजी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहीत, 'खऱ्याची वही'. खाली पोराचं नाव. नियम तीन. एक, जे खरं पाहिलं तेच लिहायचं. दोन, या वहीत लाल शाई नाही. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तरी चालेल. तीन, ही वही गुरुजींशिवाय कुणी वाचणार नाही. हेडमास्तर नाही, आईबाप नाही, शेजारचा तर नाहीच. वह्या वर्गातल्या कपाटात राहत आणि गुरुजी त्या शुक्रवारच्या मधल्या सुट्टीत तिथंच बसून वाचत, डबा बाजूला ठेवून.

पहिल्या वर्षी पोरांनी बिचकत बिचकत गाय लिहिली. दुसऱ्या वर्षी एकानं आजोबांची कवळी लिहिली. मग धरण फुटावं तसं झालं. कुणाची आई भांडी घासताना भांड्यांशी बोलते, कुणाचा काका रोज नोकरी शोधायला जातो आणि पुलाखाली झोपून परत येतो, असं सगळं गुरुजींना ठाऊक असे. गावातला न्हावी सोडला तर इतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. फरक एवढाच की न्हावी सांगायचा आणि गुरुजी सांगत नसत.

*

गुरुजींचं घर दोघा भावांचं. थोरले दादा शेत बघायचे, स्वतःचं आणि धाकट्याचंही. पाटाच्या समितीचे प्रमुखही तेच. कुणाच्या शेताला पाण्याची बारी कधी आणि किती तास, हे समिती ठरवी, आणि समितीनं काय ठरवायचं हे दादा ठरवत. माणूस कष्टाळू. अंगात सदरा असला तरी पाठीवरचा घाम आधी दिसायचा.

त्या उन्हाळ्यात दादांना एकच ध्यास लागला होता. त्यांची बारी चालू असतानाच कधीतरी पाणी बारीक व्हायचं आणि शेवटचे चार वाफे कोरडे राहायचे. "पाट गळतोय," ते म्हणत. "कुठंतरी खेकड्यानं भोक पाडलंय."

एका रविवारी त्यांनी गुरुजींना सोबत घेतलं. "चल धाकट्या. खडू धरून हात पांढरे झालेत, जरा रंग येऊ दे."

दोघं पाटात उतरले. घोटाभर गाळ, त्यावर हिरवी साय. दादा फावड्यानं कड खरवडत पुढं जात आणि गुरुजी मागून चिखलाचे गोळे भोकांवर थापत. तासाभरात गुरुजींच्या तळव्यांना फोड आले. दुसऱ्या तासाला ते फुटले. दादांनी एकदा वळून पाहिलं आणि म्हणाले, "कविता आठव एखादी. दुखणं कमी होतं म्हणे."

"तसं मी कधी म्हणालो नाही."

"मग अठरा वर्षं काय म्हणतोयस?"

खेकड्याची सात भोकं सापडली. सातही बुजवली. एकातून खेकडा निघाला आणि दोघांकडे पाहून, आपला यात संबंध नाही अशा चालीनं आडवा निघून गेला. पुढच्या बारीला वाफे पुन्हा कोरडेच.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. त्याच आठवड्यात गुरुजी दुपारी घरी जेवत असताना दादा आले, डोक्यावरचं फडकं काढून खांबाला टेकले आणि म्हणाले, "अरे, तुझी ती मुंगी पाटावर बसून घसा फोडून कविता म्हणत होती. भर उन्हात. मला वाटलं पोरीला ऊन लागलं."

मुंगी म्हणजे सातवीतली सगळ्यात लहानखुरी पोर. दप्तर तिच्याहून मोठं, म्हणून ते नाव. तिच्या बापाचं शेत पाटाच्या अगदी टोकाला, दादांच्या शेताच्या खालच्या अंगाला. मध्ये पाटात एक लाकडी फळी; दादांच्या बारीला ती खाली टाकून पाणी त्यांच्या शेतात वळवत. त्याची बारी आली की पाणी वरच्या दहा शेतांना रामराम करत करत तिथं पोचेपर्यंत नुसता ओलावा उरायचा.

गुरुजी ताटावरून उठायचेच बाकी होते. "कविता म्हणत होती? कोणती?"

"मला काय माहीत? पावसाची होती कसली तरी."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवली, म्हणजे 'ऐकलं हो, आता जेवा'. पण गुरुजींना दोन दिवस ते पुरलं. आपण शिकवलेली कविता एक पोर आपणहून, कुणी न सांगता, रानात बसून म्हणते! हेडमास्तरांनाही त्यांनी सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे."

*

घोटाळा झाला तो शुक्रवारी. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी सगळ्यांना रकाने भरायला बसवलं. वरून कसलंसं पत्रक आलं होतं आणि त्यात प्रत्येक पोराचं वजन लिहायचं होतं. वजनकाटा नव्हता. गुरुजींनी अंदाजानं एकतीस वजनं लिहिली, आणि घंटा झाली. वह्या वाचायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची तर बघवेना. आजच्या दिवस, असं म्हणून त्यांनी आठ वर्षांत पहिल्यांदा एकतीस वह्या पिशवीत घातल्या आणि घरी आणल्या.

संध्याकाळी ओसरीवर बसून ते वाचत होते. वकिलानं शेजाऱ्याच्या कुत्र्यावर लिहिलं होतं, आणि न्याय कुत्र्याच्या बाजूनं दिला होता. मग मुंगीची वही आली. गुरुजींनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा काढून पुसला, हे त्यांच्याकडचं सर्वोच्च पारितोषिक होतं.

आत पानं वाढली गेली. दादा, गुरुजी शेजारी शेजारी. वहिनी वाढत होत्या, गुरुजींची बायको चुलीशी. गुरुजी वही घेऊनच जेवायला बसले.

"भाऊजी, जेवताना तरी पुस्तक ठेवा," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, हे एवढंच ऐका. दादा, तूही ऐक. सातवीतलं पोर आहे. कुणाचं ते विचारायचं नाही, तसा नियम आहे." आणि कव्हरावरच्या नावावर अंगठा दाबून धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"'दुपारी सगळे झोपतात. पाट झोपत नाही. बाबा फळी चार बोटं वर करतात. जास्त नाही, चारच. मग पाणी येतं. ते बोलावलेल्या पाहुण्यासारखं येत नाही. भांडण झालेल्या घरी मावशी गुपचूप भेटायला येते तसं येतं, आधी थांबतं, बघतं, मग आत येतं. बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसतात आणि काहीच बोलत नाहीत. मी काठावर बसून कविता म्हणते. कुणी आलं तर मोठ्यानं म्हणायची असं ठरलंय. एकदाच मोठ्यानं म्हणावी लागली. बाकीचे दिवस मी हळू म्हणते. हळू म्हटलेली कविता मला जास्त समजते.'"

दादांचा हात घासासकट थांबला होता.

"पुन्हा वाच," दादा म्हणाले.

अठरा वर्षांत दादांनी 'पुन्हा वाच' म्हटलं नव्हतं. एकदाही 'वाच' म्हटलं नव्हतं. गुरुजींनी पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत. दादा मान खाली घालून ऐकत होते. ऐकताना त्यांचे ओठ हलत होते, पोरं पाढे म्हणताना हलवतात तसे.

"मावशीची उपमा बघ," गुरुजी म्हणाले. "भांडण झालेलं घर. म्हणजे पाणी आपलंच नातेवाईक आहे, पण येणं-जाणं बंद. काय सुचलंय पोराला!"

"चारच बोटं," दादा म्हणाले.

"हो ना! ते 'चारच' किती—"

"चांगलं आहे," दादा म्हणाले आणि घास तोंडात घातला. "फारच चांगलं आहे."

चुलीशी बसलेल्या बायकोनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दिरांकडे, आणि तवा उतरवला. गुरुजींना काही दिसलं नाही. वाक्य इतकं सुंदर असलं की त्याच्यामागचं शेत दिसत नाही, हा त्यांच्या धंद्यातला जुना रोग.

*

शनिवारी शाळेत वह्या कपाटात ठेवताना तीस भरल्या.

"गुरुजी, माझी?" मुंगीनं विचारलं. ती दर शनिवारी कपाटापाशी घुटमळायची. कारण आवडलेल्या पानावर गुरुजी पेन्सिलीनं एक बारीक टिंब देत, आणि ते पाहायला पोरं यायची.

"घरी राहिली वाटतं."

"घरी?"

एवढंच. पण तिनं ते असं विचारलं की गुरुजींनी उगीच कपाटाची कडी लावली, काढली, परत लावली. "सोमवारी आणतो. टिंब दिलंय. दोन दिलीत."

दोन टिंबं कुणालाच कधी मिळाली नव्हती. मुंगी हसली नाही.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी उलटी केली. वहिनी दारातून म्हणाल्या, "ती खाकी वही होय? ती ह्यांनी नेली. सकाळीच. वाचायची आहे म्हणाले."

"दादांनी? वाचायला?"

गुरुजी लगबगीनं आत गेले आणि बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, दादांनी वही वाचायला नेली!" त्यांचा चेहरा असा उजळला होता की बायकोला बोलवेना. तिनं पदराला हात पुसले.

"अहो," ती म्हणाली, "ते पोरगं कुणाचं?"

"ते सांगायचं नसतं."

"मुंगी ना?"

गुरुजींनी पिशवीची घडी घातली.

"पाट झोपत नाही, बाप फळी उचलतो, पोर कविता म्हणते. अहो, गावात पाटावर बसून कविता म्हणणाऱ्या पोरी किती आहेत? तुम्ही नावावर अंगठा ठेवलात आणि बाकीचं सगळं उघडं टाकलंत."

"मग तू काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या दिवसांनी खूश होता."

गुरुजी खाली बसले. म्हणाले, "चांगलं होतं म्हणून वाचून दाखवलं गं."

"चांगलं असलेलं माणूस झाकून ठेवतं," ती म्हणाली.

गुरुजी तसेच उठून शेताकडे गेले. दादा नव्हते. संध्याकाळी दादा आले ते समितीच्या दोघांना घेऊनच, आणि ओसरीवर चहा पीत त्यांच्याशी बी-बियाण्याचं बोलत राहिले. ते गेल्यावर गुरुजी म्हणाले, "दादा, वही."

"उद्या देतो."

"दादा, ती पोरीची आहे. मी तिला शब्द दिलाय."

"मी वही खाणार आहे का? उद्या देतो म्हटलं ना." आणि दादांनी पाय धुवायला पाणी मागितलं.

*

समितीची बैठक रविवारी सकाळी सातवीच्या वर्गात भरली. गावात बाकं तेवढी तिथंच होती. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. गुरुजींच्या टेबलामागं दादा. फळ्यावर शनिवारचा समास अजून तसाच होता. दादांनी हातातलं फडकं त्याच्यावरून फिरवलं नाही, एवढी सभ्यता त्यांनी पाळली.

गुरुजी दारात उभे राहिले. बसायला जागा होती, पण आपल्याच वर्गात कुठं बसावं हे त्यांना कळेना.

मुंगीच्या बापाला बोलावलं होतं. उंच, हाडकुळा माणूस. पाय चिखलाचे होते म्हणून तो उंबऱ्याबाहेरच चपला काढून, अनवाणी, एका कडेला उभा राहिला. मुंगी त्याच्याबरोबर आलेली. रविवारी शाळा उघडी का, हे बघायला आली असेल.

"माझ्या बारीला फळी कोण उचलतं?" दादांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? वाऱ्यानं हलत असेल."

"वारा चारच बोटं हलवतो?"

बाप चपापला. पण सावरला. "दादा, पाणी मला पोचत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून चोर ठरवताय काय? कुणी पाह्यलंय? समोर आणा."

दादांनी टेबलाच्या खणातून खाकी वही काढली.

गुरुजींनी दारातून मुंगीकडे पाहिलं. ती वहीकडे पाहत होती. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तशी, आधी ओळखल्याच्या आनंदानं आणि मग नाही.

दादा वाचू लागले. कुठं थांबायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते कुठंच थांबले नाहीत. मावशी, पाणी, बाबा, कविता सगळी एकाच दावणीला बांधल्यासारखी एका दमात गेली. पण वाचून झाल्यावर वर्गात कुणी बोललं नाही. एक म्हातारा खोकायचा होता, तोही थांबला.

"दादा!" गुरुजी आत आले. "हा निबंध आहे. पोरं कल्पनेनं लिहितात. याला पुरावा म्हणत नाहीत. उद्या एखादा चंद्रावर गेलो म्हणून लिहील."

दादांनी वही मिटून कव्हर सगळ्यांना दाखवलं. "काय लिहिलंय वर? वाचा कुणीतरी."

"खऱ्याची वही," समितीतला एकजण म्हणाला.

"अक्षर कुणाचं?"

अक्षर कुणाचं ते सगळ्या गावाला माहीत होतं. निम्म्या गावानं ते गिरवूनच अक्षर काढलं होतं.

"माझ्या पोरीनं असलं काही लिहिलं नसेल," बाप म्हणाला. त्याला अजून आशा होती. "तिलाच विचारा. ती खोटं बोलत नाही."

सगळ्यांनी मुंगीकडे पाहिलं. गुरुजींनीही. त्यांनी डोळ्यांनी, भुवयांनी, जमेल तेवढ्या सगळ्या चेहऱ्यानं तिला सांगितलं की खोटं बोल. कल्पना होती म्हण. एकदाच. आठ वर्षं त्यांनी ज्याच्या विरुद्ध शिकवलं तेच त्या एका क्षणात त्यांनी तिच्याकडे मागितलं.

मुंगीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दादांकडे वळून म्हणाली, "मी लिहिलंय. गुरुजींनी खरं लिहायला सांगितलं होतं."

बापानं मान खाली घातली. रागानं नाही. तो पायाची बोटं बघत होता, आणि वर्गाच्या स्वच्छ फरशीवर आपल्या पावलांचा चिखल उमटलेला बघून त्यानं एक पाऊल मागं घेतलं.

निकाल लागायला वेळ लागला नाही. टोकाच्या शेताच्या तीन बाऱ्या बंद. फळीला कुलूप, किल्ली समितीच्या प्रमुखाकडे. आणि बंद झालेल्या बाऱ्यांचं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून ते लगतच्या वरच्या शेताला. लगतचं वरचं शेत दादांचं होतं. निम्मं गुरुजींचं.

*

"तू असं करशील असं वाटलं नव्हतं," गुरुजी म्हणाले.

दादा गोठ्यापुढं फावड्याचा दांडा बसवत होते. दांडा ढिला झाला होता; पाचर ठोकून ठोकून ते तो आवळत होते. "काय केलं मी?"

"घरात विश्वासानं वाचून दाखवलं."

"तू वाचलंस, मी ऐकलं. ऐकणारा चोर होतो का?" दादांनी पाचर ठोकली. "फोड आले होते ना तुझ्या हाताला? खेकड्याची भोकं बुजवत होतो आपण. आणि तो काठावर बसून हसत असेल."

"तो हसत नव्हता. त्यात लिहिलंय. तो काहीच बोलत नव्हता."

"लिहिलंय, लिहिलंय. अरे, अठरा वर्षं तू मला सांगतोस की नीट ऐक, त्यात काय काय दडलेलं असतं. आयुष्यात एकदा नीट ऐकलं, तर तूच बोंब मारतोस." त्यांनी दांडा हलवून पाहिला. "आणि पोरीचं वाईट मलाही वाटलं. चांगली लिहिते."

गुरुजींना वाईट याचंच वाटलं की त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांत बारकाईनं वाचणारा एकच निघाला, आणि तो हा.

त्या रात्री जेवताना त्यांनी ताट पुढं ओढलं, घास केला आणि ठेवून दिला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, अन्नावर राग काढू नये." त्यांनी खाल्लं. घरच्याच शेतातलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते टोकाच्या शेतात गेले. मुंगीचा बाप गावच्या विहिरीवरून दोन डबे भरून आणत होता, खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना एकेक. वाटेत निम्मं हिंदकळायचं. वाफ्यातली भाजी दुपारी माना टाकून पडली होती.

गुरुजींनी न बोलता कडेचे दोन रिकामे डबे उचलले. बाप म्हणाला, "गुरुजी, हे तुमचं काम नाही."

"माझंच आहे."

त्यानं पुढं हरकत घेतली नाही. माणसाला पाणी हवं असलं की तो फार वाद घालत नाही. विहीर अर्ध्या मैलावर. गुरुजींच्या पाच खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला जुने फोड उघडले. पाचव्या खेपेला गुडघा धरला आणि ते बांधावर बसले. दोन वाफे भिजले होते. तिसऱ्याची नुसती कड काळी झाली होती.

बाप शेजारी येऊन उकिडवा बसला. म्हणाला, "मला वाचता येत नाही, गुरुजी. पोर काय लिहिते ते मला कधी कळलं नव्हतं. काल समितीत ऐकलं तेच पहिलं."

गुरुजींनी माती चिवडली.

"चांगलं लिहिलंय का हो?"

"फार चांगलं."

"वाटलंच मला," बाप म्हणाला. "सगळे गप्प झाले होते." मग म्हणाला, "दादांनी भरभर वाचलं. तुम्ही एकदा म्हणून दाखवाल?"

गुरुजींना ते पान पाठ होतं. 'दुपारी सगळे झोपतात,' त्यांनी सुरुवात केली, आणि 'चारच'पाशी अडकले. बापानं वाट पाहिली. मग त्यानंच गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते गुरुजींना शिव्यांपेक्षा जड गेलं.

"मी तिला रागावलो नाही," बाप म्हणाला. "उगाच मनात आणू नका. पण ती घरात काही बोलत नाही."

गुरुजी रोज जात राहिले. पाच खेपांच्या सात झाल्या. गावात हसू झालं. न्हावी म्हणाला, गुरुजींनी आता पालथ्या घड्यांऐवजी सुलट्या डब्यांत पाणी भरायला घेतलंय. दादांचे शेवटचे चार वाफे हिरवे होऊ लागले होते आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला होती. गुरुजींनी ती दोनदा मागितली. दुसऱ्या वेळी दादा म्हणाले, "समितीपुढं अर्ज कर. अक्षर चांगलं आहे तुझं."

*

शुक्रवार आला. गुरुजींनी वह्या वाटल्या, बैठकीनंतर दादांनी टेबलावर टाकून दिलेली मुंगीचीही. त्यांना बरंच काही बोलायचं होतं, आदल्या दिवशी त्यांनी ते मनात जुळवलं होतं. "मी चुकलो," ते म्हणाले. "वही घरी न्यायला नको होती. परत असं होणार नाही."

पोरांनी ऐकून घेतलं. वकिलानं हात वर केला नाही. मग एकतीस माना खाली गेल्या आणि लिहिण्याचा आवाज सुरू झाला. कुणी पेन्सिल चावत नव्हतं, कुणी खिडकीबाहेर बघत नव्हतं. पंधरा मिनिटांत सगळ्यांचं लिहून झालं. पूर्वी तासभरात व्हायचं नाही.

मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून गुरुजी वाचायला बसले. 'गाय हा अतिशय उपयुक्त प्राणी आहे.' पुढची. 'माझे बाबा फार कष्टाळू आहेत. ते सर्वांशी प्रामाणिकपणे वागतात.' पुढची. 'मला निसर्गाची अनिवार ओढ आहे.' वकिलानं लिहिलं होतं, 'कुत्रा इमानी असतो.' खाली एक रेघ. एकतीस वह्यांत मिळून एकही घर नव्हतं, एकही काका नव्हता, एकही भांडं कुणाशी बोलत नव्हतं. आठ वर्षांत घातलेलं पाणी एका आठवड्यात आटलं.

हेडमास्तर दारात थांबले. आत येऊन त्यांनी एक वही उचलली, चाळली, दुसरी उचलली. "वा!" ते म्हणाले. "अखेर वर्ग मार्गाला लागला. या वर्षी निकाल चांगला लागणार बघा." आणि गुरुजींच्या पाठीवर थाप मारून गेले. अठरा वर्षांतली ती पहिलीच थाप.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी मुंगीला थांबवलं. तिनं दप्तर पाठीवरून काढलं नाही. ती टेबलापाशी उभी राहिली. गुरुजींनी तिची वही उघडली. मधलं ते पान नव्हतं. शिवणीपाशी नीट, सरळ फाडलेलं होतं. त्याच्यापुढं आजचं पान.

'पाणी हे जीवन आहे. पाण्याशिवाय मनुष्य जगू शकत नाही. पाण्याचा अपव्यय टाळावा. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे पाणीच वापरावे.'

सुवाच्य अक्षर. समास सोडलेला. परिच्छेद पाडलेले.

"मुंगे," गुरुजी म्हणाले, "हे तू पाहिलंस?"

"यात काय चुकलंय, गुरुजी?"

गुरुजींनी पान पुन्हा वाचलं. वेलांटी, उकार, विरामचिन्हं, सगळं जागच्या जागी. त्यांनी खरोखरच चूक शोधली. एखादी सापडली असती तर तिला धरून काही बोलता आलं असतं.

"काही नाही चुकलं," ते म्हणाले.

"मग ही वही घरी न्या," मुंगी म्हणाली. "कुणालाही वाचून दाखवा."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गुरुजींना जरा बरं वाटलं असतं. तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर वर ओढला, "जाऊ?" म्हणून विचारलं, आणि ते हो म्हणेपर्यंत थांबली, कारण गुरुजींना विचारल्याशिवाय वर्गातून जायचं नसतं.